बसलेलं पाऊल, वाकलेला गुडघा

एका बुधवारी सकाळी हिनाको सेन्सेईने मला बर्फावरून बाहेर बोलावलं. "मिकामीसान, इथे बसा आणि बूट काढा," ती म्हणाली.

मला वाटलं, स्केटच्या पात्याला काही झालं असेल. मी नाड्या सोडून बूट काढले. मग तिने मोजेही काढायला लावले. सव्वीस वर्षांची पोर, माझ्याहून तेवीस वर्षांनी लहान. पण बर्फावर ती माझी गुरू, तेव्हा मी मुकाट्याने मोजे काढले. माझ्या उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं खाली, सुपारीएवढं हाड बाहेर आलेलं आहे. त्यावरची कातडी लालभडक झाली होती. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी भोवरी. दोन्ही पायांची शेवटची दोन-दोन बोटं पांढरीफटक, चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

"हे कधीपासून असं?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे तीन वर्षं झाली. सगळ्यांचंच दुखतं ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही हो," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांचं नाही दुखत."

खरं सांगते, हे मला माहीत नव्हतं.

उत्तर जपानातल्या हाचिनोहेमध्ये लहानाचं मोठं झालेल्या माणसाला बर्फ नवा नसतो. आमच्या शाळेत हिवाळाभर स्केटिंग असायचं. पाचवीत मी दोन फेऱ्या मारून कठड्यावर बसले की खेळाचे मास्तर म्हणायचे, "मिकामीच्या अंगात जिद्दच नाही." ते मी मानून टाकलं. पुढे मी दातांचं काम शिकले. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून गेली बावीस वर्षं मी कवळ्या आणि कॅप बनवते. बर्फाशी माझा संबंध सरबताच्या पेल्यापुरता उरला होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी मला रिंकवर पाठवलं, एका आजींची दुरुस्त केलेली कवळी द्यायला. आजी एकाहत्तर वर्षांच्या. मी पोचले तेव्हा त्या बर्फाच्या मधोमध पाठमोऱ्या, उलट्या दिशेने, एका पायावर घसरत चालल्या होत्या. काठाशी आल्या आणि बोळकं पसरून हसल्या. कवळी घेतली ती त्यांनी थेट खिशात टाकली. "आत्ता नाही लावत. पडले तर पुन्हा तुम्हालाच त्रास." दुसऱ्या आठवड्यात मी भाड्याचे बूट घालून बर्फावर उभी होते, आणि वर्षभरात स्वतःचे घेतले.

"तुम्ही ओबोनाईसानकडे जा," हिनाको सेन्सेई म्हणाली. "तिरसट आहेत. पण पाय वाचता येतो त्यांना."

ओबोनाईंचं दुकान मासळीबाजारामागच्या गल्लीत. पाटीवर नुसतं 'चामड्याची कामं' असं लिहिलेलं, तेही अर्धं उडालेलं. आत छतापासून पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मे जोडीजोडीने टांगलेले, वाळत घातलेल्या माकुळांसारखे. ओबोनाई चौऱ्याहत्तर वर्षांचे, बुटके, चष्मा कपाळावर. तरुणपणी त्यांनी शर्यतीच्या स्केटचे बूट हाताने शिवले होते. आता शिवत नाहीत. लोकांनी आणलेले बूट ताणतात, दाबतात, पाती बसवतात.

त्यांनी माझे बूट उलटे करून तळ पाहिला.

"साडेपंचवीस. कुठल्या शहाण्याने दिले हे?"

"मीच मागितले. त्याहून लहान बुटात चवडा मावत नव्हता."

"डोक्याला टोपी घट्ट होते म्हणून माणूस लांब टोपी घेतो का?"

त्यांनी जमिनीवर कागद अंथरला. आधी मला स्टुलावर बसवलं आणि पावलाभोवती निळी पेन्सिल फिरवली. मग उभं केलं, त्याच पावलाभोवती लाल फिरवली. लाल रेघ निळीच्या बाहेर गेली होती, चवड्यापाशी चांगली बोटभर. मग एका लाकडी पट्टीवर टाच टेकवून लांबी पाहिली.

"बावीस पूर्णांक आठ."

"शक्य नाही! मी आयुष्यात चोवीसच्या खाली चप्पल घेतलेली नाही."

"मग आयुष्यभर दुसऱ्याच्या चपला घातल्यात. या बुटात पुढे पावणेतीन सेंटिमीटर जागा आहे. भाडेकरू ठेवलाय का?" त्यांनी माझी टाच दोन बोटांत धरली. "चवडा रुंद, टाच अरुंद. बदकाचं पाऊल."

"माझे वडील 'गेता' म्हणायचे. लाकडी फळीच्या चपलेसारखं."

"गेताला टाच नसते. तुम्हाला आहे, आणि ती या बुटात दर पावलाला वर उचलली जाते. मग तुम्ही नाड्या आवळता. आवळल्या की बोटांचं रक्त थांबतं. तरी टाच उचलतेच, म्हणून बोटं मुडपून बूट धरून ठेवता. धरता ना?"

मी खाली बघितलं. त्या क्षणीसुद्धा, अनवाणी उभी असताना, माझी बोटं कागदावर मुडपलेली होती.

बूट एकाच लांबीचे पण वेगवेगळ्या रुंदीचे मिळतात, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी त्या दुकानात कळलं. ओबोनाईंनी तेवीस नंबरचे, सगळ्यांत रुंद चवड्याचे आणि अरुंद टाचेचे मागवले. सहा आठवडे लागणार होते.

त्या सहा आठवड्यांत मला एक खोड लागली. आमच्या दवाखान्यात पेशंट दारात बूट काढून सपाता घालतात. मी येता-जाता ते बूट उचलून आत डोकावू लागले. आतल्या तळावर घामाने आणि वजनाने पावलाचा ठसा उमटलेला असतो, एखाद्या मापाच्या साच्यासारखा. कुणाचा ठसा बाहेरच्या कडेला, कुणाच्या अंगठ्याने भोक पाडलेलं, कुणाची टाच मागे टेकलेलीच नाही. दहातल्या सहांचे तरी बूट त्यांचे नव्हतेच.

"मिकामीसान," एकदा डॉक्टर मागे येऊन उभे राहिले, "पेशंटचे बूट का हुंगताय?"

"हुंगत नाही, बघतेय. डॉक्टर, तुमचे केवढे?"

"सव्वीस."

"मोजलेत कधी?"

ते आत गेले. संध्याकाळी मात्र पट्टी मागायला आले.

नवे बूट आले. ओबोनाईंनी ते छोट्या भट्टीत गरम केले, मऊ झाल्यावर माझ्या पायात घातले आणि पाव तास हलू दिलं नाही. टाच अशी बसली की कुणी मायेने मुठीत धरावी. बोटं पुढे मोकळी पसरली, एकमेकींना न ढकलता. मी हसायला लागले, तर म्हातारा म्हणाला, "बर्फावर हसा."

बर्फावर पहिली वीस मिनिटं हसलेही. मग उजव्या पायाचं ते हाड बोलू लागलं. आधी ठणका, मग जळजळ, मग अशी कळ की मला कठडा धरून एका पायावर बाहेर यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ओबोनाईंनी खणातून लिपस्टिक काढली, भडक तांबडी.

"ही... तुमची?"

"चौदावी कांडी. दुकानातली मुलगी आता रंगही विचारत नाही."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हाडावर लिपस्टिक फासली, बूट चढवला, नाड्या बांधल्या, सोडल्या. बुटाच्या आत तांबडा टिळा उमटला होता. मग त्यांनी एक लोखंडी चिमटा घेतला. त्याच्या एका जबड्याला गोळा, दुसऱ्याला कडी. टिळ्यावर गोळा, बाहेरून कडी, आणि मधलं चामडं दाबून रात्रभर ठेवलं. सकाळी तिथे बाहेरून छोटा फुगवटा आला होता.

बर्फावर पंचवीस मिनिटं. पाच मिनिटांची कमाई. पुन्हा लिपस्टिक, पुन्हा चिमटा. पुन्हा पंचवीसच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी टिळा घेऊन फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि बूट खाली ठेवला.

"आता अजून ताणलं तर चामडं फाटेल."

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि दुसऱ्याच कुणाचा बूट हातात घेतला. "काही पावलं बर्फासाठी नसतात, मिकामीसान. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाकून आभार मानले, दार लोटलं, आणि मासळीबाजारापर्यंत येईतो माझे कान तापले होते. पाचवीतले मास्तर आठवले. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि कुणी माझे मोजे काढून पाहिलं नव्हतं. आता तर काढून पाहिलं होतं, मोजलं होतं, तीनदा लिपस्टिक लावली होती, आणि तरी उत्तर तेच? त्या दिवशी मी घरी सेन्बेईचं, म्हणजे आमच्याकडच्या कडक बिस्किटांचं, सूप केलं आणि त्यात ती इतकी शिजू दिली की लगदा झाला.

चार दिवस मी बुटांकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडे एक कॅप परत आली. एका शिक्षिकेची मागची दाढ. तक्रार अशी की खाताना दुखतं. डॉक्टर स्वतःच ती घेऊन आले.

"मी निळा कागद लावून पाहिला," मी म्हणाले. तो पातळ निळा कागद दातांमध्ये ठेवून माणसाला तोंड मिटायला लावतात. जिथे दात उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. "साच्यावर ठिपका बरोबर आला होता. कॅप उंच नाही."

"तोंड मिटल्यावर नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बाई तोंड मिटून जेवतात का? चावताना जबडा बाजूला सरकतो. तिथे लागतेय. सरकवून बघा."

ते निघून गेले. मी साचा हातात घेऊन तशीच बसले. खालचा जबडा जरासा बाजूला सरकवला. ठिपका दुसरीकडेच आला.

ओबोनाईंनी मला बसवून टिळा घेतला होता. तिन्ही वेळा. आणि बर्फावर मी कधीच बसलेली नसते.

जेवणाच्या सुट्टीत मी मापाच्या लगद्याची, मुदत संपत आलेली सगळी पाकिटं काढली. दातांचं माप घ्यायला तोंडात घालतात तो गुलाबी लगदा. पाण्यात कालवला की तीन मिनिटांत रबरासारखा होतो. प्लास्टिकच्या टबात तो कालवला, त्यात उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडवला आणि टेबल धरून उभी राहिले, गुडघा वाकवून, बर्फावर वाकवते तसा. सगळं वजन त्या एका पायावर. मांडी थरथरायला लागली आणि नेमके तेव्हाच डॉक्टर सही घ्यायला आत आले.

त्यांनी टब पाहिला. माझा वाकलेला गुडघा पाहिला.

"कोणाची कवळी?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पायाची."

"बरं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तेच पाऊल खुर्चीवर बसून, वजन न टाकता घेतलं. दोन्ही साच्यांत प्लास्टर ओतलं. सुकल्यावर दोन पांढरी पावलं टेबलावर शेजारी ठेवली, आणि मला वाटलं मी काहीतरी घोटाळा केलाय. ती एका माणसाची वाटतच नव्हती. बसलेल्या पावलाला तळव्याची कमान होती. वाकलेल्या गुडघ्याखालच्या पावलाची कमान खचलेली, घोटा आत झुकलेला, आणि ते हाड खाली उतरून पुढे आलेलं. मी कॅप मोजायचा काटा घेतला. जमिनीपासून हाडाचं टोक: बसून एक्केचाळीस मिलिमीटर, वाकून तेहेतीस. शिवाय सहा मिलिमीटर पुढे सरकलेलं.

दाताच्या कामात मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला तरी माणूस रात्रभर जागतो. इथे आठ चुकले होते.

शनिवारी मी दोन्ही पावलं फडक्यात गुंडाळून ओबोनाईंच्या दुकानात नेली. वाटेत ठरवत होते, कसं सांगायचं. पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला एक गिऱ्हाईक जाऊन सांगणार, तुमचं चुकलं. शेवटी काहीच न सांगता मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी एक उचललं, मग दुसरं. अंगठ्याने हाड चाचपलं. या पावलावर, त्या पावलावर. पुन्हा या.

"हे कोणाचं?"

"माझं."

"आणि हे?"

"तेही माझंच. हे गुडघा वाकवून."

ते उठले. टेबलाच्या मागून बाहेर आले, स्वतःचे मोजे काढले आणि माझ्यासमोर, भर दुकानात, गुडघे वाकवले. खाली मान घालून स्वतःच्या पावलांकडे बघत होते. सरळ झाले, पुन्हा वाकले. त्यांचे सांधे कुरकुरले.

"उतरतं," ते म्हणाले.

"पहिल्या दिवशी तुम्हीच तर दाखवलंत. निळी रेघ, लाल रेघ."

"ती रुंदीसाठी. हाडासाठी कधी..." ते थांबले. "लिपस्टिक लावताना माणूस बसलेला बरा असतो. पात्यावर उभा केला की डुलतो, खूण पुसटते. म्हणून बसवतो. माझे मालकही बसवायचे." मग त्यांनी एकदम मान वर केली. "बूट आणलेत?"

आणले होते. निळा कागदही आणला होता. तो पाहून त्यांनी विचारलं हे काय, आणि मी दाखवल्यावर एक पट्टी दातात धरून चावून पाहिली, आरशात निळे दात बघितले आणि "हं" म्हणाले. आम्ही बुटाच्या आत, हाडासमोर कागद चिकटवला. मी पात्यांवर रबरी खोळी चढवून उभी राहिले, दोन्ही हातांनी त्यांचं टेबल धरलं, गुडघा वाकवला.

"अजून."

"एवढाच वाकवते मी."

"दुखतं म्हणून एवढाच. दुखलं नसतं तर केवढा? तेवढा वाकवा."

मी वाकवला. कळ डोळ्यांपर्यंत आली. मग बूट काढला आणि आत पाहिलं. निळा ठिपका फुगवट्याच्या चांगला खाली होता, पुढे सरकलेला, जिथे चामडं अजून कोरं, ताठ होतं.

"महिनाभर मी शेजारच्याचं दार ठोठावत होतो," ओबोनाई म्हणाले आणि खदाखदा हसले. एवढे हसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. "आणि घरमालक आतून ओरडतोय!"

त्यांनी नव्या जागी गोळा लावला. जुना फुगवटा तसाच राहिला. तिथलं चामडं पातळ झालं होतं, म्हणून आतून एक ठिगळ लावलं. तळव्याच्या कमानीखाली चामड्याचा छोटा तुकडा बसवला, कमान कमी खचावी म्हणून. पहिला तुकडा जाड झाला. तो मी घरी घालून फिरले आणि गुडघाच दुखायला लागला. मी तसं सांगितल्यावर त्यांनी तासून अर्धा केला. बूट दिसायला अगदी बेढब झाला, गालफुगी झालेल्या पोरासारखा.

पुढच्या बुधवारी मी बर्फावर उतरले. वीस मिनिटं झाली. मी वाट बघत होते. पंचवीस झाली, चाळीस झाली. पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तसं माझं मन पुन्हा पुन्हा त्या हाडापाशी जात होतं आणि तिथे काहीच नव्हतं. थोडं चुकल्यासारखंही वाटलं. मग मी ते सोडून दिलं आणि पहिल्यांदा पायाऐवजी बर्फाकडे लक्ष गेलं. काठाजवळचा बर्फ मधल्या बर्फाहून कडक असतो. पातं आतल्या कडेवर झुकलं की एक आवाज येतो, बाहेरच्या कडेवर दुसरा. तीन वर्षं मी तिथे जात होते आणि हे मला ऐकूच आलं नव्हतं. मी गुडघा वाकवला, आणखी वाकवला, वळणावर अंग आत टाकलं, आणि दाणकन पडले. पाठीवर, हातपाय वर करून.

हिनाको सेन्सेई टाळ्या वाजवत आली. "पडलात! मिकामीसान, पडलात!"

"दिसतंय मला."

"तीन वर्षांत एकदाही पडला नव्हतात तुम्ही. मला काळजी वाटायची. पडायला आधी झुकावं लागतं."

मार्चमध्ये क्लबचा कार्यक्रम झाला, त्यात मी दीड मिनिट स्केटिंग केलं. एका पायावरचं वळण जमलं, दुसऱ्या पायावरचं नाही. डाव्या पायाचं शेवटचं बोट थंडीत अजून बधिर होतं. त्यावर ओबोनाईंचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात नाडी, मी म्हणते मोज्याची शिवण.

एप्रिलमध्ये एकदा दुपारी दवाखान्याचा फोन वाजला आणि स्वागतकक्षातल्या मुलीने मला बोलावलं. "कोणी आजोबा आहेत. गुलाबी लगदा हवाय म्हणतात. दात कुठला विचारलं तर चिडले."

मी फोन घेतला.

"मिकामीसान, एक पोस्टमन आलाय माझ्याकडे," ओबोनाई नमस्कार-चमत्कार न करता सुरू झाले. "वय बेचाळीस. स्केटिंग नुकतंच शिकतोय. उजवा पाय डाव्याहून दीड सेंटिमीटर मोठा. दोन्ही बूट उजव्याच्या मापाचे घेतलेत."

"मग डावा सैल होत असेल."

"होतोच. पण दुखतो उजवा."

"उजवा? ज्याला बरोबर बसतो तो?"

"तोच! बसवून पाहिला, उभा करून पाहिला, वाकवून पाहिला. काही सापडत नाही. इथेच बसलाय, चहा पितोय."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन कॅप बाकी होत्या, दोन्ही उद्याच्या. पोस्टमन सायकलवरून उतरताना कुठला पाय आधी टेकत असेल, असा विचार मनात आला, आणि मग बसवेना.

"त्याला जाऊ देऊ नका," मी म्हणाले, आणि डॉक्टरांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेले.